खगोल दिवस, ओरुरो

बस टर्मिनलच्या बाहेर, ला पाझची शेवटची गाडी सुटायच्या आधी,
एलेउतेरियो चोकेनं पाइप उभा केलाय.
सांडपाण्याचाच पाइप, आतून काळा रंगवलेला,
तळाशी आरसा, त्यानं स्वतः घासलेला,
अकरा महिने, स्वयंपाकघरात, पिंपावर.
बायको म्हणायची, एवढी भांडी घासली असतीस
तर गावातली लग्नं उरकली असती.

पुठ्ठ्यावर तांबड्या रंगात लिहिलंय:
आज खगोल दिवस. बघा. फुकट.
'फुकट' वाचून माणसं दोन पावलं मागं सरकतात.
इथं फुकटाच्या मागून नेहमी काहीतरी येतं,
निवडणूक, नाहीतर धर्म.

पहिली आली नायरा,
शाळेचा पांढरा कोट, एक मोजा घसरलेला.
डोळा लावला आणि तोंड उघडंच राहिलं,
श्वासाची वाफ भिंगावर. चंद्र गेला.
एलेउतेरियोनं शर्टाच्या टोकानं पुसून
तो परत आणला.

मग रांग लागली. ड्रायव्हर, दोन शिपाई,
लोकरीच्या गठ्ठ्यावर बसून राहिलेला एक माणूस,
जो शेवटी उठला आणि आधी पाइपात हात घालून
चित्र चिकटवलंय का ते चाचपून आला.

खांबावरचा पिवळा दिवा तेवढा हटेना.
नगरपालिकेला अर्ज गेला होता, तीन शिक्क्यांचा.
उत्तर आलं: सदर दिवस सुट्ट्यांच्या यादीत नाही.
काबो तिकोनानं इकडं तिकडं पाहिलं,
शिडी मागवली,
आणि सरकारी दिव्याला सरकारी रेनकोट घातला.

अंधार पडला.
पडला कसला, होताच तो. आता वर आला.
दक्षिणेला मित्र आणि मित्रक, शेजारी शेजारी.
इथल्या म्हाताऱ्या त्यांना लामाचे डोळे म्हणतात,
आणि उरलेली लामा दाखवतात
ताऱ्यांच्या मधल्या काळ्या जागेत.
आज चंद्राच्या उजेडात ती दिसत नाही.
नुसती बघते आहे.

एलेउतेरियो एकोणतीस वर्षं खाणीत वायरमन होता.
जेवताना बॅटरी वाचवायला दिवे मालवायचे,
तेव्हाचा काळोख डोळ्यांना येऊन टेकायचा.
हा मागं सरत जातो, जितकं बघावं तितका.
पण हे तो कुणाला सांगत नाही. तो सांगतो,
"एक डोळा मिटा. हात लावू नका. थरथरतं."

इलारिया शेवटी आली, आपीवाली.
जांभळ्या मक्याची वाफाळती किटली खाली ठेवली,
टोपी नायराच्या हातात दिली, वाकली.
बराच वेळ काही नाही.
मग, "ते मधलं, सावलीनं भरलेलं. किती खोल?"
"साडेतीन किलोमीटर."
"आपल्या खाणीपेक्षा?"
"कितीतरी."
"शिड्या आहेत?"
"नाही."
"मग आत कुणी गेलं असेल?"

सहाव्या पातळीवर भिंत बसली, ब्याण्णव साली,
तेव्हा वीज तोडायला तोच खाली गेला होता.
वर आलेल्यांत तिचा फ्लोरेन्सियो नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "कुणीच नाही. कधीच नाही."
"बरं झालं," ती म्हणाली,
आणि पुन्हा वाकली,
घर बंद करून निघताना
शेवटच्या खोलीत डोकवावं तशी.

तेवढ्यात चंद्र कडेकडेनं निसटला.
त्यानं पाइपाला बोटभर ढकललं. म्हणाला,
"तो नाही हलत एवढा. जमीन फिरते. आपण सगळे फिरतोय, आत्ता, इथं उभ्याउभ्या."
इलारियानं टोपी घातली, किटली उचलली,
गाडीकडं धावणाऱ्या माणसांकडं बघितलं.
"मग हे लोक," ती म्हणाली,
"तिकीट कशाला काढतात?"

दिव्यावरचा रेनकोट तापून वास येऊ लागला होता.
तिकोना शिडी शोधत होता.